घरून ये-जा करणाऱ्यांच्या कॉलेजात फ्रॅटर्निटीचं चॅप्टर कसं उभं करायचं

आमच्या कॉलेजात सगळे घरूनच यायचे. मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून सकाळी सातला गाडी काढायचो, दोन लेक्चर झाली की पार्किंग लॉटमध्ये गाडीतच बसून डबा खायचो, मेथीची भाजी असेल तर काच खाली करून, मग अजून एक लेक्चर आणि तिथून थेट फार्मसीत कामाला. पहिलं अख्खं सेमिस्टर मी कॉलेजात कोणाशी पाच मिनिटं धड बोललो नाही. शेजारच्या निळ्या सिव्हिकमध्ये एक मुलगा रोज असाच एकटा जेवायचा, ठेपले, मांडीवर लॅपटॉप. ऑक्टोबरमध्ये एकदा त्याची बॅटरी बसली, माझ्याकडे जम्पर केबल होती, तिथून बोलणं सुरू झालं आणि पुढच्या दीड वर्षात आम्ही दोघांनी मिळून तिथे फ्रॅटर्निटीचं, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या भाईचाऱ्याच्या संघटनेचं, चॅप्टर म्हणजे शाखा उभी केली. नंतर मी जवळच्या दोन कम्युनिटी कॉलेजांतल्या मुलांनाही मदत केली, म्हणून जे प्रत्यक्ष केलंय तेच लिहितोय. न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया कुठेही आपली मराठी मुलं आता मोठ्या संख्येने कम्युनिटी कॉलेजात जातात, फी वाचते, दोन वर्षांनी चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येतं, निर्णय शहाणपणाचाच आहे. पण त्या दोन वर्षांत कॉलेजातलं एकही माणूस आपलं होत नाही हे मुलं घरी सांगत नाहीत.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की फ्रॅटर्निटी म्हणजे मोठं घर आणि पार्टी. हॉस्टेलवाल्या मोठ्या कॉलेजांची नक्कल इथे करायला गेलात तर वर्षभरात सगळं कोलमडतं. न्यू जर्सीतल्या युनियन गावचं कीन कॉलेज घ्या, घरून येणाऱ्यांचं कॉलेज म्हणूनच ते ओळखलं जायचं, आणि तिथेच १ डिसेंबर १९७५ला लॅम्बडा थीटा फाय ही लॅटिनो फ्रॅटर्निटी सुरू झाली. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेटला १९ सप्टेंबर १९६३ला आयोटा फाय थीटा ही फ्रॅटर्निटी सुरू करणारे बारा जण तर बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठे होते, काही जण सैन्यात राहून आलेले, काहींना बायकापोरं, नोकऱ्या सांभाळून शिकणारे. डेल्टा फाय ओमेगा ही दक्षिण आशियाई मुलींची सोरॉरिटी १९९८मध्ये ह्युस्टन युनिव्हर्सिटीत सुरू झाली, तेही घरून गाडीने येणाऱ्यांसाठीच ओळखलं जाणारं ठिकाण. म्हणजे आपल्यासारख्या कॉलेजांतून हे आधी झालेलं आहे.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे कोणाच्या नावाने चॅप्टर काढायचं ते शोधणं, आणि इथेच बऱ्याच मुलांचं घोडं अडतं. ज्या जुन्या सोशल फ्रॅटर्निटी आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नियमातच असतं की चार वर्षांची बॅचलर डिग्री देणाऱ्या कॉलेजातच चॅप्टर. तुमचं कॉलेज चार वर्षांचं असेल, फक्त हॉस्टेल नसेल, तर हा प्रश्न येत नाही, सरळ त्यांच्या एक्स्पान्शनवाल्यांना, म्हणजे नवी चॅप्टर काढायचं काम बघणाऱ्यांना, मेल करा. दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज असेल तर तीन रस्ते आहेत. एक म्हणजे सिटीवाइड चॅप्टर, म्हणजे जवळच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत आधीच चॅप्टर आहे आणि त्याच्या चार्टरमध्ये, म्हणजे अधिकृत सनदेत, आसपासच्या कॉलेजांची नावं घालून घ्यायची, मग तुमच्या मुलांना तिथूनच मेंबर होता येतं. कल्चरल फ्रॅटर्निटींमध्ये ही पद्धत बरीच चालते. आपल्या दक्षिण आशियाई मुलांनी सुरू केलेल्यांत बिंगहॅम्टनची आयोटा न्यू डेल्टा १९९४ची, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत सुरू झालेली सिग्मा बीटा रो १९९६ची, ऑस्टिनची डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ची आणि यूसीएलएची बीटा काय थीटा १९९९ची. कुणाचे नियम काय आहेत ते त्यांनाच लेखी विचारायचं, मित्राच्या मित्राने सांगितलं म्हणून गृहीत धरायचं नाही.

दुसरा रस्ता लोकल, म्हणजे कोणत्याही नॅशनलशिवाय (देशभर चॅप्टर असलेल्या मुख्य संघटनेशिवाय) फक्त तुमच्या कॉलेजपुरती. आम्ही इथूनच सुरुवात केली. स्वातंत्र्य असतं, पण इन्शुरन्स, नियम, चुकलं तर सावरणारे मोठे लोक, हे सगळं स्वतः उभं करावं लागतं. तिसरा म्हणजे समाजकाम करणारी सर्व्हिस फ्रॅटर्निटी किंवा चांगल्या मार्कांच्या मुलांची ऑनर सोसायटी. दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी फाय थीटा कॅपा ही ऑनर सोसायटी १९१८पासून आहे, मिसूरीत सुरू झाली, मार्कांवर आमंत्रण येतं, बहुतेक तुमच्या कॉलेजात असेलच. ती फ्रॅटर्निटीसारखी चालत नाही, पण तिथली मुलं मेहनती असतात आणि आमच्या पहिल्या दहातले तिघं तिथूनच आले. आणि कायद्याचा एक मुद्दा नीट लक्षात ठेवा, फक्त मुलं किंवा फक्त मुली घ्यायची सवलत टायटल नाइन या शिक्षणातला लिंगभेद रोखणाऱ्या कायद्यात सोशल फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींनाच आहे. सर्व्हिस, प्रोफेशनल, ऑनर अशा नावाने काढलीत तर सगळ्यांना दार उघडं ठेवावं लागतं. त्यामुळे चॅप्टरची घटना, म्हणजे नियमावली, लिहायला बसायच्या आधी आपण नक्की काय आहोत ते ठरवा.

यानंतर माणसं. आम्ही पहिल्यांदा स्टुडंट सेंटरला टेबल लावलं, समोसे ठेवले, समोसे संपले आणि यादीत चाळीस नावं आली, त्यातले मीटिंगला चार. कारण साधं होतं, मीटिंग संध्याकाळी सातला ठेवली होती आणि सातला आमच्या कॉलेजात चिटपाखरू नसतं. मग त्या सिव्हिकवाल्याने एक काम केलं जे मी आता प्रत्येक कॉलेजात पहिलं करायला लावतो. लायब्ररीतल्या मोठ्या टेबलावर एक चार्ट पेपर पसरला, आडवे वार, उभे तास, सकाळी आठ ते रात्री नऊ. जो कोणी इंटरेस्ट दाखवेल त्याला मार्कर द्यायचा आणि सांगायचं, कॉलेजात असतोस ते तास हिरवे, नोकरी लाल, गाडी किंवा बस पिवळी, घरची जबाबदारी निळी. निळ्यात काय काय आलं, धाकट्या बहिणीला शाळेतून आणणं, आजीचं डायलिसिस, वडिलांच्या दुकानाचा गल्ला. एकोणीस मुलांनी रंगवल्यावर अख्ख्या आठवड्यात एकच चौकोन असा निघाला की चौदा जण हिरवे आणि मोकळे, गुरुवार दुपारी एक दहा ते दोन. आमचं चॅप्टर त्या पन्नास मिनिटांत वसलं, आजही मीटिंग गुरुवारी एक दहालाच असते. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत अ‍ॅक्टिव्हिटी अवर किंवा कॉलेज अवर असतो, त्या वेळेत लेक्चरच ठेवत नाहीत, असेल तर तोच धरा. पण तरी चार्ट करा, कारण त्यावरून कोणाला किती जमेल हे कळतं आणि नंतर कोणी आला नाही तर राग येत नाही, त्याचा लाल रंग आठवतो.

माणसं शोधायची ती टेबलापेक्षा बस स्टॉपवर, ट्युटरिंग सेंटरमध्ये, जिममध्ये, आणि हो, पार्किंग लॉटमध्ये. आणि भाषण द्यायचं नाही, विचारायचं, लेक्चर झाल्यावर कुठे जातोस? बहुतेक जण म्हणतात घरी किंवा कामावर, तिथून पुढचं बोलणं आपोआप निघतं.

कॉलेजची मान्यता हे काम कागदी आहे, पटकन उरका. स्टुडंट लाइफ ऑफिसमध्ये जाऊन क्लब नोंदणीचा फॉर्म घ्यायचा, किमान किती मेंबर लागतात ते विचारायचं, घटना लिहायची, आणि फुल-टाइम प्रोफेसर किंवा कर्मचाऱ्यांतला एक अ‍ॅडव्हायजर शोधायचा. अ‍ॅडव्हायजर असा निवडा जो स्वतः दुपारी कॉलेजात असतो, पाच ठिकाणी शिकवणारे अर्धवेळ प्रोफेसर मनाने कितीही चांगले असले तरी सापडत नाहीत. मार्क तपासायचे असतील तर प्रत्येक मुलाची लेखी संमती लागते, विद्यार्थ्यांची माहिती खासगी ठेवणाऱ्या फर्पा कायद्यामुळे कॉलेज ते असेच देत नाही. काही कॉलेजांत सोशल फ्रॅटर्निटीला परवानगी नाही असं धोरण असतं, मग भांडत बसू नका, आधी कल्चरल क्लब म्हणून एक वर्ष नीट चालवा, रक्तदान करा, फूड पँट्रीत काम करा आणि मग ती फाइल घेऊन जा. आम्ही जेव्हा डीनना भेटलो तेव्हा बोलण्यापेक्षा ती फाइलच कामाला आली.

नॅशनलकडे जाताना तुम्ही आधी इंटरेस्ट ग्रुप असता. मग पूर्वी कॉलनी म्हणायचे, आता बरेच जण असोसिएट किंवा प्रोव्हिजनल चॅप्टर म्हणतात ती पायरी, आणि शेवटी चार्टर. प्रत्येक पायरीला मेंबरांची संख्या, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी, सर्व्हिसचे तास, हिशेब असं सगळं बघतात आणि एकूण वर्ष-दोन वर्षं सहज जातात. आता विचार करा, तुमचं कॉलेजच दोन वर्षांचं. चार्टर हातात येईपर्यंत सुरू करणारे ट्रान्सफर घेऊन गेलेले असतात. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो मी हट्टाने करायला लावतो, पहिल्या गटातले निम्मे तरी पहिल्याच सेमिस्टरचे असले पाहिजेत. मुलांना हे पटत नाही, त्यांना वाटतं सीनियर मुलं घेतली की वजन येतं. एका कम्युनिटी कॉलेजात असंच झालं, अकरा जणांतले नऊ दुसऱ्या वर्षाचे होते, मे महिन्यात सगळे गेले आणि ऑगस्टमध्ये उरलेल्या दोघांना खोली कशी बुक करतात तेही माहीत नव्हतं. ते चॅप्टर गेलंच. मी वेळेत जोर लावला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पैशाचं बघू. आपल्यातल्या ज्यांनी गणपती मंडळाची वर्गणी गोळा केली आहे, आईवडिलांबरोबर महाराष्ट्र मंडळाच्या टेबलावर बसून पावत्या फाडल्या आहेत, त्यांना हे शिकवावं लागत नाही. पण वर्गणीत आणि इथे फरक असा की मेंबर ड्यूज दर सेमिस्टरला येतात आणि घरून येणाऱ्या मुलाला ते पैसे स्वतःच्या पगारातून भरायचे असतात, पेट्रोल आणि पुस्तकं झाल्यावर. एकदम मागू नका, महिन्याचे हप्ते करा, आणि ज्याला जमत नाही त्याने फक्त खजिनदाराला सांगायचं, चारचौघांत विषय नाही. नॅशनल असेल तर दरडोई इन्शुरन्सचा वेगळा हिशेब असतो, तो पहिल्या दिवशी आकड्यासकट सांगा, नंतर कळलं की मुलं फसवल्यासारखी वाटून घेतात.

बँक खातं चॅप्टरच्या नावाने असलंच पाहिजे. त्यासाठी ईआयएन, म्हणजे संघटनेचा टॅक्स नंबर लागतो, तो आयआरएस या अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून फुकट मिळतो, फॉर्म एसएस-४, कोणी वेबसाइटवर पैसे मागत असेल तर ती आयआरएसची साइट नाही. नॅशनल असेल तर त्यांच्या ग्रुपमधून टॅक्सची सोय होते का विचारा. लहान चॅप्टरला, वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर, ९९०-एन नावाचा छोटा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, आणि तो सलग तीन वर्षं राहिला तर करमाफीचा दर्जा आपोआप जातो. आमचं काय झालं ते सांगतो. पहिल्या वर्षी सगळे ड्यूज खजिनदाराच्या स्वतःच्या व्हेन्मोवर, म्हणजे पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर, जमा व्हायचे, मुलगा अगदी सरळ होता, पण त्याला दुसऱ्या राज्यात ट्रान्सफर मिळालं, त्याचा फोन हरवला, खातं लॉक झालं, आणि आमचे ६४० डॉलर चार महिने अडकून पडले. पैसे सगळे परत आले, पण त्या चार महिन्यांत बाकीचे त्याच्याबद्दल जे बोलले ते तो विसरला नाही. तेव्हापासून कानाला खडा, खातं चॅप्टरचं, सह्या दोघांच्या, आणि त्यातला एक पहिल्या वर्षाचा.

घर नसण्याचं फार मनावर घेऊ नका. सामान कुठे ठेवायचं एवढाच खरा प्रश्न असतो, बॅनर, टेबलक्लॉथ, कूलर. स्टुडंट सेंटरमध्ये क्लबसाठी लॉकर मिळतात, नसतील तर कोणाच्या तरी डिकीत, पण मग कोणाच्या ते लिहून ठेवा. मीटिंगसाठी लायब्ररीची ग्रुप रूम, मोठ्या कार्यक्रमाला देवळाचा किंवा चर्चचा हॉल. आणि दारू नाही. कम्युनिटी कॉलेजात बहुतेक मुलं एकवीसच्या, म्हणजे इथल्या दारूच्या कायदेशीर वयाच्या, आतली असतात आणि प्रत्येक जण गाडी चालवत घरी जाणार असतो, यावर मतदान घ्यायची गरज नाही.

घरच्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हॉस्टेलवाल्या कॉलेजात हा भागच नसतो. आमच्या मुलांचं कॉलेज संपलं की ते आईच्या स्वयंपाकघरात असतात. माझ्या आईने फ्रॅटर्निटी हा शब्द फक्त बातम्यांत ऐकला होता, तिने दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "तुला त्रास देणार नाहीत ना रे ती मुलं?" तेव्हा आम्ही ठरवलं की नवीन मुलगा घेण्याआधी त्याच्या घरच्यांना बोलवायचं. शनिवारी दुपारी चहा ठेवला, थर्मास आणि पार्ले-जी, ओक ट्री रोडवरून ढोकळा, आणि एक कागद वाटला. त्यावर चार गोष्टी, किती पैसे, किती तास, रात्री किती वाजता घरी, आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा. सिव्हिकवाल्याचे वडील तो कागद दोनदा वाचून घडी घालून खिशात ठेवताना मी बघितले. पुढे तेच आमच्या सगळ्या फंडरेझरला ढोकळा आणायचे. मुस्लिम, पंजाबी, एक्वाडोरची, फिलिपिनो, सगळ्या घरांतून तोच प्रश्न येतो, शब्द वेगळे. हा चहा चुकवू नका.

हजेरीचे नियम नोकरी धरून करा. आमच्याकडे पॉइंट असतात, गुरुवारची मीटिंग, सर्व्हिस, अभ्यासाचा गट, सगळ्याला सारखेच, आणि सेमिस्टरला ठरावीक पॉइंट झाले की पुरे. ज्याची रात्रपाळी आहे तो शनिवारी सकाळी फूड बँकेत येऊन भरून काढतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन ठेवा, एक फक्त कामाच्या निरोपांचा आणि एक गप्पांचा, नाहीतर शिफ्टवरच्या मुलाला दोनशे मेसेजमधून मीटिंगची खोली शोधावी लागते.

आता हेझिंग. नवीन मुलांना त्रास देणं, जागवणं, काहीतरी प्यायला किंवा करायला लावणं, अपमान करणं. २०१७मध्ये पेन स्टेटला टिमथी पियाझा हा न्यू जर्सीचाच मुलगा फ्रॅटर्निटीच्या अशाच कार्यक्रमानंतर गेला. त्याच्या नावाने पेनसिल्व्हेनियात २०१८ला आणि न्यू जर्सीत २०२१ला कायदे कडक झाले, आणि "तो स्वतःच तयार होता" हा बचाव न्यू जर्सीत चालत नाही. डिसेंबर २०२४मध्ये देशपातळीवरचा स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्टही आला, कॉलेजांना आता अशा घटनांचे आकडे आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करावी लागतात, आणि आकड्यांत कॉलेजची मान्यता नसलेल्या संघटनाही धरतात, नावं मात्र मान्यता असलेल्यांचीच. पण कायदा बाजूला ठेवून मी एक गोष्ट सांगतो जी आमच्यासारख्या कॉलेजातच होते. नवीन मुलाला रात्री दोनपर्यंत "इतिहास पाठ कर" म्हणून थांबवलं, कोणी हात लावला नाही, ओरडलंही नाही, पण त्यानंतर त्याला टर्नपाइक हायवेवर चाळीस मिनिटं गाडी चालवायची आहे आणि सकाळी सहाला शिफ्ट आहे. हे हेझिंगच आहे. आमचा नियम, नवीन मुलांचं काहीही रात्री साडेआठनंतर नाही, सहा आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि सगळं वेळापत्रक आधीच अ‍ॅडव्हायजरकडे आणि घरच्यांकडे. सीनियर कोणी "आमच्या वेळी" म्हणायला लागला की त्याला तिथेच थांबवायचं, तो कितीही जिवाभावाचा असला तरी.

ट्रान्सफरचं नातं आधीच जोडून ठेवा. तुमची मुलं साधारण कोणत्या दोन-तीन युनिव्हर्सिटीत जातात ते ट्रान्सफर ऑफिसमध्ये कळतं, तिथल्या चॅप्टरशी पहिल्याच वर्षी ओळख करून घ्या. नॅशनल एकच असेल तर मेंबरशिप तिकडे नेण्याची पद्धत काय ते लेखी घ्या. नसेल तर तिथे गेलेल्या आपल्या मुलांनी वर्षातून दोनदा परत येऊन ट्रान्सफरचे फॉर्म, क्रेडिट कशी मोजतात, कुठल्या प्रोफेसरकडे कोर्स घ्यायचा हे सांगायचं. आमच्या गुरुवारच्या मीटिंगला सगळ्यात जास्त गर्दी याच दिवशी होते.

आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा हँडओव्हरसाठी मोकळा ठेवा, फायनल्सच्या आधी, कारण फायनल्स झाल्या की कोणी दिसत नाही. आमच्याकडे एक निळा प्लास्टिकचा डबा आहे. त्यात घटनेची प्रत, ईआयएनचं पत्र, बँकेच्या सह्या बदलल्याची पावती, सगळे पासवर्ड बंद पाकिटात, लॉकरची किल्ली, खोली बुक करायच्या तारखा, स्टुडंट लाइफला द्यायची नव्या पदाधिकाऱ्यांची यादी, आणि तळाशी तो पहिला रंगवलेला चार्ट पेपर घडी घालून. जुना आणि नवा प्रेसिडेंट एकेक वस्तू काढून वाचतात, दोघं सही करतात, मग डबा एका डिकीतून दुसऱ्या डिकीत जातो. नव्या प्रेसिडेंटने ऑगस्टमध्ये पहिल्या आठवड्यात कोरा चार्ट पेपर आणि चार मार्कर विकत घ्यायचे, कारण नव्या मुलांचे रंग वेगळे असणार आणि गुरुवारचा एक दहा त्यांना जमेलच असं नाही.